मदत पोचली का? लोकप्रतिनिधींच्या पाहणी दौऱ्यांचा लेखाजोखा

श्रीमंत देशांच्या अंदाजपत्रकांत परदेशी मदतीसाठी दरवर्षी ठरावीक तरतूद असते. शाळा, दवाखाने, पाणीयोजना, धरणे, लसीकरण, दुष्काळातले धान्य अशा कामांसाठी हा पैसा विकसनशील देशांना अनुदान किंवा स्वस्त कर्ज म्हणून दिला जातो. ओईसीडी या संघटनेच्या विकास साहाय्य समितीच्या प्राथमिक आकडेवारीनुसार २०२४ मध्ये तिच्या सदस्य देशांनी दिलेली अधिकृत मदत सुमारे २१२ अब्ज डॉलर होती. इतर सरकारी खर्चाहून हा खर्च एका बाबतीत वेगळा आहे. गावातला रस्ता उखडला तर गावकरी आपल्या आमदाराला जाब विचारू शकतात. परदेशी मदतीतून बांधलेला रस्ता उखडला तर पैसे भरणाऱ्या करदात्याला त्याचा पत्ता नसतो, आणि ज्यांच्या दारातला रस्ता उखडला त्यांना त्या परक्या देशात मत नसते. पैसा देणारे आणि त्याचे फळ भोगणारे यांच्यातले हे अंतर काही प्रमाणात कमी करावे, यासाठी मदत देणाऱ्या देशांचे खासदार प्रकल्पस्थळी जाऊन पाहणी करतात.

महाराष्ट्रात विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते, जिल्हा परिषदेची दप्तरे तपासते आणि गावांत जाऊन कामे पाहते. परदेशी मदतीच्या पाहणीचे तत्त्व तेच आहे. पैसा मंजूर करणाऱ्या सभागृहाला तो कसा खर्च झाला हे तपासण्याचा अधिकार असतो. फरक इतकाच, की ही तपासणी दुसऱ्या सार्वभौम देशात, तिथल्या सरकारच्या संमतीने आणि बहुधा दुभाषाच्या मदतीने करावी लागते.

या प्रथेचे एक ठळक आरंभीचे उदाहरण अमेरिकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला मदत द्यावी की नाही यावर वाद सुरू असताना १९४७ मध्ये खासदार ख्रिश्चन हर्टर यांच्या पुढाकाराने प्रतिनिधिगृहाची १९ सदस्यांची समिती युरोपात गेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन हे त्या वेळी पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य होते आणि तेही या समितीत होते. उद्ध्वस्त शहरे आणि अन्नटंचाई डोळ्यांनी पाहून आलेल्या सदस्यांमुळे या मदतीच्या मार्शल योजनेला संसदेत पाठबळ मिळाले आणि १९४८ मध्ये तिचा कायदा झाला. मदतीचा रोख पुढे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेकडे वळला, तसे खासदारांचे दौरेही तिकडे वळले.

अशाच एका दौऱ्याचा भारताशी थेट संबंध आहे. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या काळात पीएल-४८० या कायद्याखाली येणाऱ्या अमेरिकी गव्हावर भारताची मोठी भिस्त होती. रेशन दुकानात मिळणारा तो लाल गहू महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या अजूनही स्मरणात आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मात्र धान्याची जहाजे एकदम न सोडता थोडी थोडी सोडण्याचे धोरण धरले होते. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे आणि इतर श्रीमंत देशांनीही वाटा उचलावा, हा त्यामागचा दबाव होता. दुष्काळ खरोखर किती तीव्र आहे याची खात्री करण्यासाठी त्यांनी डिसेंबर १९६६ मध्ये दोन्ही पक्षांच्या खासदारांना भारतात पाठवले. त्यांत प्रतिनिधिगृहाच्या कृषी समितीतले डब्ल्यू. आर. पोग आणि बॉब डोल, तसेच सिनेटर जॅक मिलर यांचा समावेश होता. गरज खरी आणि तातडीची आहे, असा निर्वाळा देऊन त्यांनी १८ लाख टन धान्य लगेच पाठवण्याची शिफारस केली. फेब्रुवारी १९६७ मध्ये जॉन्सन यांनी ती मान्य केली. इतर देशांनी तेवढाच वाटा उचलला तर आणखी ३० लाख टन देण्याची तयारीही त्यांनी दाखवली, आणि एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेने त्याला पाठिंबा देणारा ठराव केला.

लोकप्रतिनिधीच्या भेटीचे बळ या प्रसंगातून दिसते. भारतातल्या टंचाईची आकडेवारी वॉशिंग्टनला आधीपासून ठाऊक होती. पण अधिकाऱ्यांचा अहवाल आणि शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्या खासदाराचा शब्द यांचे सभागृहातले वजन सारखे नसते. मतदारसंघात ‘आपला गहू परक्यांना का द्यायचा’ असा प्रश्न आला तर उत्तर देण्याची जबाबदारी त्याच खासदारावर असते. प्रत्यक्ष पाहिले असेल तर हे उत्तर देण्याचा नैतिक आधार त्याला मिळतो.

साठच्या दशकात मदतीची यंत्रणा कायमस्वरूपी झाली आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या समित्याही स्थिरावल्या. १९६१ मध्ये अमेरिकेत यूएसएड ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने आर्थिक सहकार्यासाठी स्वतंत्र मंत्रालय उभारले आणि तिथल्या संसदेत त्या विषयाची समिती नेमली गेली. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय विकासाचे स्वतंत्र खाते झाले, त्याबरोबर हाउस ऑफ कॉमन्सची आंतरराष्ट्रीय विकास समितीही आली. २०२० मध्ये ते खाते परराष्ट्र खात्यात विलीन झाले, तरी समिती कायम राहिली. २०११ पासून तिच्या जोडीला मदतीच्या परिणामांचे मूल्यमापन करणारा एक स्वतंत्र आयोग आहे. हा आयोग आपले अहवाल संसदेला सादर करतो.

जपानची पद्धत विशेष शिस्तबद्ध आहे. तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने सरकारी हिशेबांच्या तपासणीवर भर देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्याचा भाग म्हणून २००४ पासून विकास मदतीची पाहणी करणारे सदस्यांचे गट वेगवेगळ्या देशांत पाठवायला सुरुवात केली. २००६ मध्ये या विषयाची खास समितीही नेमली. वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकत्र जातात, परतल्यावर लेखी अहवाल देतात आणि त्यावर समितीत चर्चा होते. मुंबईकरांनाही या छाननीशी कर्तव्य आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू आणि कुलाबा ते आरे ही भुयारी मेट्रो-३ या दोन्ही कामांना जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज आहे.

दौऱ्याची तयारी बरीच आधी सुरू होते. ब्रिटिश समिती आधी चौकशीचा विषय ठरवते, लेखी निवेदने मागवते, तज्ज्ञांना आणि मंत्र्यांना बोलावून साक्षी घेते. प्रवासाला आणि खर्चाला संसदेच्या यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते. कार्यक्रमाची आखणी बव्हंशी त्या देशातल्या ब्रिटिश वकिलातीच्या साहाय्याने होते. दौऱ्यात समितीचे सचिव आणि कर्मचारी बरोबर असतात. मंत्री, स्थानिक खासदार, संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी, स्वयंसेवी संस्था आणि पत्रकार यांच्याशी राजधानीत चर्चा झाल्यावर गट ग्रामीण भागात जातो. परतल्यावर अहवाल छापला जातो आणि सरकारने साधारण दोन महिन्यांत त्याला लेखी उत्तर द्यावे असा प्रघात आहे. दौऱ्याला खरी धार या शेवटच्या टप्प्यामुळे येते. नुसती पाहणी करून परतलेल्या खासदाराचे म्हणणे सरकार ऐकून सोडून देऊ शकते. छापील शिफारशीला मात्र ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे कारणांसह सांगावे लागते.

प्रत्यक्ष गावात काय तपासायचे, हे हातपंपाच्या उदाहरणावरून समजून घेता येते. गावाच्या वेशीवर नवा हातपंप आहे, त्यावर देणाऱ्या देशाच्या झेंड्याची पाटी आहे आणि दांडा मारताच पाणी येते. कागदोपत्री प्रकल्प यशस्वी. पण पंप चालतो का, हा अगदी प्राथमिक प्रश्न झाला. तो बिघडला की दुरुस्त कोण करतो? वॉशर आणि सळ्या कुठे मिळतात, तिथे जायला किती वेळ लागतो? दुरुस्तीची वर्गणी कोण गोळा करतो आणि तिचा हिशेब कोणाकडे असतो? उन्हाळ्यात पाणी किती खोल जाते? वस्तीच्या पलीकडच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबांना इथे पाणी भरता येते का? ही उत्तरे उद्घाटनाच्या भाषणांत नसतात. ती पाणी भरायला येणाऱ्या बाईकडे असतात.

भारताने हा धडा स्वतःच्या अनुभवातून घेतला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत खेड्यापाड्यांत विंधनविहिरींवर बसवलेले बिडाचे पंप मूळ एकेका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. दिवसभर सारे गाव दांडा मारू लागले की ते मोडत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतले असंख्य पंप बंद पडले होते, तरी सरकारी यादीत ते ‘बसवलेले’ म्हणूनच मोजले जात होते. जालना आणि सोलापूर येथे मिशनऱ्यांच्या पुढाकाराने पोलादी, दणकट पंप तयार झाले. सोलापूर पंपाचा आराखडा आधाराला घेऊन युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क-२’ हा पंप आला आणि तो पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांतही पोचला. किती पंप बसले यापेक्षा आज किती चालू आहेत हा आकडा महत्त्वाचा, ही समज त्यातून रुजली.

दवाखान्यातही असेच खोलात जावे लागते. नव्या इमारतीपेक्षा औषधसाठ्याची नोंदवही अधिक बोलकी असते. कोणते औषध किती दिवस संपलेले होते, मुदत उलटलेल्या गोळ्या कपाटात आहेत का, लसींच्या शीतपेटीचे तापमान दोन ते आठ अंशांदरम्यान राहिल्याची रोजची नोंद आहे का, हे अर्ध्या तासात कळते. त्याहून मोठा प्रश्न पगाराचा असतो. परिचारिकेला पगार प्रकल्पातून मिळतो की स्थानिक सरकारच्या तिजोरीतून? प्रकल्पातून मिळत असेल, तर प्रकल्पाची मुदत संपल्यावर दवाखाना कोण चालवणार याचे उत्तर त्याच भेटीत मागायला हवे.

अशा भेटींच्या मर्यादांचे सर्वांत नेमके विश्लेषण ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये केले. ग्रामीण भागात धावती भेट देणाऱ्या बाहेरच्या लोकांच्या नजरेतून गरिबी कशी निसटते, हे त्यांनी क्रमाने दाखवले. पाहुणे डांबरी सडकेने जातात, म्हणून सडकेलगतची गावे पाहतात, आणि गरीब वस्त्या आत असतात. जिथे प्रकल्प आहे तिथेच त्यांना नेले जाते, शेजारच्या उपेक्षित गावात नाही. त्यांच्याशी बोलतात ते पुढारी, शिक्षक, बोलके पुरुष. बायका, आजारी माणसे, मजुरीसाठी परगावी गेलेली कुटुंबे भेटत नाहीत. दौरे रस्ते कोरडे असताना आखले जातात. उपासमार आणि आजार यांचा जोर मात्र अनेक ठिकाणी पावसाळ्यात असतो, तेव्हा वाट बंद असते. पाहुणे सौजन्यापोटी अडचणीचे प्रश्न टाळतात. आणि प्रत्येक तज्ज्ञ आपल्या विषयापुरतेच पाहतो.

यावरचे उपायही याच यादीतून निघतात. काही गावे ऐनवेळी निवडावीत. प्रकल्प नसलेल्या गावातही जावे. अधिकाऱ्यांना दूर ठेवून बायकांशी वेगळे बोलावे. दुभाषा प्रकल्पाच्या नोकरीतला नसावा. संपलेल्या प्रकल्पांची पाच-सात वर्षांनी पुन्हा पाहणी करावी. लवाजमा लहान ठेवावा. गाड्यांचा मोठा ताफा पाहून गावकरी आपली अडचण सांगायच्या आधीच बिचकतात.

काही दोष तर प्रकल्पस्थळी कितीही फिरले तरी दिसत नाहीत. मलेशियाच्या केलांतान राज्यातले पेरगाऊ धरण हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ब्रिटनने या जलविद्युत प्रकल्पाला २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत दिली. वीजनिर्मितीच्या दृष्टीने प्रकल्प परवडणारा नाही, असा स्पष्ट आक्षेप मदत खात्याचे सर्वोच्च अधिकारी टिम लँकेस्टर यांनी नोंदवला होता. तरी १९९१ मध्ये परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी मंजुरी दिली. मलेशियाशी झालेल्या मोठ्या शस्त्रविक्रीच्या बोलण्यांत १९८८ मध्ये मदतीचा शब्द गुंतला होता. हे बाहेर आले ते १९९३ च्या लेखापरीक्षण अहवालातून आणि त्यानंतरच्या संसदीय समित्यांच्या चौकश्यांतून. नोव्हेंबर १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली. २००२ च्या ब्रिटिश कायद्याने दारिद्र्य कमी करणे हाच विकास मदतीचा हेतू असला पाहिजे असा नियम घातला. धरणाच्या भिंतीवर उभे राहून हे प्रकरण कोणाला कळले नसते. त्यासाठी फायली आणि साक्षीच लागल्या.

उलट, पुरेसा वेळ देऊन केलेली पाहणी केवढा बदल घडवू शकते, हे नर्मदा खोऱ्यात दिसले. सरदार सरोवर प्रकल्पाला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. बुडितात येणाऱ्या गावांत महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावे होती. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे मेधा पाटकर यांची साक्ष झाली. बँकेला निधी देणाऱ्या देशाचे खासदार पुनर्वसनाबद्दल प्रश्न विचारू लागले. पुढच्या वर्षी जपानने या प्रकल्पाची पुढची मदत थांबवली. १९९१ मध्ये बँकेने स्वतंत्र आढावा समिती नेमली. तिचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे माजी सदस्य होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुखपदही त्यांनी भूषवले होते. उपाध्यक्ष टॉमस बर्जर कॅनडाचे माजी न्यायाधीश होते. समिती खोऱ्यातल्या गावांत फिरली, प्रकल्पाशी संबंधित तिन्ही राज्यांची कागदपत्रे तपासली. आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, असा निष्कर्ष तिने जून १९९२ मध्ये दिला आणि बँकेने मागे सरून पुनर्विचार करावा असे सुचवले. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले आणि धरणाचे काम स्वतःच्या पैशाने पुढे नेले. त्याच वर्षी जागतिक बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या प्रकल्पामुळे नुकसान झालेल्या कोणत्याही देशातल्या लोकांना तेव्हापासून या मंडळाकडे थेट तक्रार करता येते.

दौऱ्यांवरची सर्वांत जुनी टीका म्हणजे ते करदात्यांच्या पैशाने केलेले पर्यटन असते. ती निराधार नाही. म्हणून अमेरिकेत संसदीय दौऱ्यांचा खर्च अधिकृत इतिवृत्तात छापावा लागतो. केअरसारख्या स्वयंसेवी संस्थाही खासदारांना प्रकल्प दाखवायला नेतात. अशा खासगी खर्चाच्या प्रवासाला आचारसंहिता समितीची पूर्वपरवानगी लागते. यजमान संस्था आपल्या कामाची चांगलीच बाजू दाखवणार, हे गृहीत धरून तिथले निष्कर्ष वाचावे लागतात. पण काही लोकप्रतिनिधींनी या कामासाठी जिवाची जोखीमही पत्करली आहे. टेक्सासचे मिकी लेलँड प्रतिनिधिगृहाच्या भूकविषयक समितीचे अध्यक्ष होते. ७ ऑगस्ट १९८९ रोजी इथिओपियातल्या फुग्निडो निर्वासित छावणीकडे जाताना त्यांचे विमान कोसळले आणि सर्व १६ जण मृत्युमुखी पडले.

मदत कधी थांबवावी, हाही पाहणीचा विषय असतो. ब्रिटिश विकास समितीने २०११ मध्ये भारतातल्या कार्यक्रमाची चौकशी केली. स्वतःचा अंतराळ कार्यक्रम असलेल्या देशाला वर्षाला २८ कोटी पौंड का द्यायचे, असा प्रश्न ब्रिटनमध्ये गाजत होता. मदत बिहार, मध्य प्रदेश आणि ओडिशा या गरीब राज्यांवर केंद्रित होणार होती. २०१५ पर्यंत ती चालू ठेवावी, स्वच्छतेकडे अधिक लक्ष द्यावे आणि त्यानंतर दोन्ही देशांचे नाते मुळातून बदलावे, असे समितीने सुचवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रिटनने २०१५ पर्यंत आर्थिक अनुदान बंद करण्याचे जाहीर केले.

या साऱ्या व्यवस्थेत एक उणीव मुळातच आहे. पाहणी करणारा खासदार देणाऱ्यांनी निवडलेला असतो. पंप, दवाखाना किंवा धरण ज्यांच्या आयुष्यात येते त्यांचे प्रतिनिधी वेगळे असतात, आणि त्यांना बऱ्याचदा प्रकल्पाची माहितीच नसते. कारण मदतीचा काही भाग त्या देशाच्या अंदाजपत्रकात येतच नाही, तो परस्पर संस्थांमार्फत खर्च होतो. २००५ चा पॅरिस जाहीरनामा आणि २००८ चा अक्रा कार्यक्रम यांनी स्थानिक संसदांचा सहभाग वाढवण्याचे तत्त्व मान्य केले. जागतिक बँक आणि नाणेनिधीविषयक खासदारांचे जाळे २००० पासून दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींना एकत्र आणते. पाहुण्या खासदारांनी गावात जाताना तिथल्या आमदार-खासदारांना बरोबर घेतले आणि अहवाल स्थानिक भाषेत त्या संसदेलाही दिला, तर पाहुणे परतल्यावरही प्रश्न विचारणारे कोणी तरी जागेवर राहते.

भारताने आता देणाऱ्याची भूमिकाही स्वीकारली आहे. परराष्ट्र मंत्रालयात २०१२ पासून विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेमार्फत आशिया-आफ्रिकेतल्या देशांना सवलतीची कर्जे जातात. काबूलची संसद इमारत आणि हेरात प्रांतातले सलमा धरण भारताने बांधले. या खर्चाची छाननी संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीकडे असते. मदत घेण्याचा दीर्घ अनुभव पाठीशी असल्याने, घेणाऱ्याच्या बाजूने कोणते प्रश्न विचारले जायला हवेत हे भारतीय लोकप्रतिनिधींना इतरांपेक्षा चांगले ठाऊक असायला हवे.

सध्या मदतीचा ओघ आटतो आहे. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये यूएसएडचे काम संपवून उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे दिले. ब्रिटनने २०२७ पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे जाहीर केले आहे. पैसा कमी होतो तेव्हा प्रत्यक्ष पाहणीची गरज वाढते. कोणते काम टिकवायचे आणि कोणते सोडायचे याचा निर्णय आकड्यांच्या तक्त्यावरून घाईने घेतला, तर चालू दवाखाना बंद पडू शकतो आणि निरुपयोगी इमारत निधी खात राहू शकते. प्रकल्प सुरू करणे हा जसा सभागृहाचा निर्णय असतो, तसाच तो बंद करणेही असते. म्हणून मदत थांबलेल्या गावांतही लोकप्रतिनिधींनी जायला हवे आणि औषधांची, पाण्याची, पगारांची सोय पुढे कोणी केली हे विचारून सभागृहाला लेखी सांगायला हवे.